स्वस्त ट्रायलमध्ये लपलेलं सबस्क्रिप्शन: कार्ड टाकायच्या आधी काय बघायचं आणि पैसे कटलेच तर काय करायचं

पीडीएफ एडिट करणारी साईट, रेझ्युमे बनवून देणारी साईट, जन्मकुंडली सांगणारं अ‍ॅप, फोटो सुधारणारं अ‍ॅप, वजन कमी करायच्या गोळ्या, चेहऱ्याची क्रीम, ऑनलाईन कोर्स, अशा शंभर प्रकारच्या ऑफर सध्या फिरतात आणि सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते, ट्रायल फुकट किंवा अगदी नाममात्र पैशात, पण कार्डचा नंबर मात्र हवाच. आता फुकटच द्यायचंय तर कार्ड कशाला पाहिजे, हा प्रश्न तिथेच स्वतःला विचारायचा. कारण ती नाममात्र रक्कम वस्तूची किंमत नसतेच मुळी. त्या रकमेतून विकणाऱ्याला दोन गोष्टी मिळतात, एक म्हणजे कार्ड चालू आहे हे कळतं, आणि दुसरी, जास्त महत्त्वाची, पुढे दर महिन्याला किंवा दर आठवड्याला पैसे ओढायची तुमची परवानगी त्याच्या रेकॉर्डवर येते.

हे आतून कसं चालतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या स्टेप्स नुसत्या पाठ कराव्या लागणार नाहीत. पहिल्या पेमेंटला तुम्ही ओटीपी टाकता किंवा बँकेच्या अ‍ॅपमध्ये मंजुरी देता. त्यानंतर तुमच्या कार्डचं एक टोकन, म्हणजे कार्ड नंबरच्या जागी वापरायचा कोड, तयार होऊन ते विकणाऱ्याच्या पेमेंट कंपनीकडे साठवलं जातं, आणि पुढचे व्यवहार तुम्ही सुरू करत नाही, विकणारा सुरू करतो. त्यामुळे पुढच्या वेळी ओटीपी येईलच असं नाही. बरेच लोक म्हणतात की मी ओटीपी दिलाच नाही तर पैसे कटले कसे, तर असे कटले, परवानगी पहिल्याच दिवशी दिलेली होती.

कार्ड टाकायच्या आधीची पाच मिनिटं

सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे म्हणून इथे वेळ घालवा. पेमेंटच्या पानावर मोठं चमकदार बटण असतं, त्याच्या वर-खाली जे बारीक करड्या अक्षरात लिहिलेलं असतं तेच खरं वाचायचं. त्यात ट्रायल किती दिवसांची, त्यानंतर किती पैसे, आणि ते किती दिवसांनी एकदा, हे तीन आकडे शोधा. तीनपैकी एक जरी सापडला नाही तरी ते पान बंद करा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. मोबाईलवर ही ओळ बऱ्याचदा बटणाच्या खाली जाते आणि स्क्रोल केल्याशिवाय दिसतच नाही, म्हणून जमलं तर कॉम्प्युटरवर उघडा आणि पानात शोधायच्या सोयीने ऑटो रिन्यूअल, ट्रायल, बिलिंग, कॅन्सल हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा. अटी-शर्तींचं अख्खं पान वाचायची गरज नाही, हे शब्द असलेले परिच्छेद वाचले तरी पुरे.

युरोपियन युनियनमध्ये यासाठी कायदाच आहे, ऑर्डरच्या बटणावरच पैसे द्यावे लागणार आहेत असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, नसेल तर ग्राहक त्या कराराला बांधील राहत नाही, आणि जास्तीच्या पैशांची चौकट आधीच टिक करून ठेवणं पण तिथे चालत नाही. बाकी ठिकाणी मात्र आधीच टिक केलेल्या चौकटी सर्रास सापडतात, म्हणून प्रत्येक टिककडे बघा, खास करून मेंबर डिस्काउंट, व्हीआयपी, शिपिंग प्रोटेक्शन असं काही लिहिलं असेल तर. वस्तूवरची सूट खरी असते पण ती महिन्याच्या मेंबरशिपला बांधलेली असते.

काही चाली वारंवार दिसतात. पानावर महिन्याचा दर मोठा लिहायचा आणि कापताना वर्षाचे एकदम कापायचे. किंवा उलट, दर कमी वाटतो म्हणून आपण हो म्हणतो आणि तो निघतो आठवड्याचा, म्हणजे वर्षात ५२ वेळा. अ‍ॅपच्या दुनियेत हे इतकं वाढलं की सोफोस या सुरक्षा कंपनीने २०१९ मध्ये अशा अ‍ॅप्सना फ्लीसवेअर असं नावच दिलं, कॅल्क्युलेटर, क्यूआर स्कॅनर अशी साधी कामं करणारी अ‍ॅप्स आणि ट्रायल संपल्यावर भरमसाठ पैसे. अजून एक चाल म्हणजे वर्षभराचा करार महिन्याच्या हप्त्यात दाखवायचा, आणि मध्येच सोडलं तर दंड. अमेरिकन सरकारने जून २०२४ मध्ये अ‍ॅडोबीवर जो खटला भरला त्यातला मुख्य आरोप हाच होता, की वर्षाच्या प्लॅनचा मध्येच सोडण्याचा दंड नीट दिसेल असा सांगितला नाही. त्यामुळे मासिक असं लिहिलेलं दिसलं की ते मासिक प्लॅन आहे का वार्षिक प्लॅनचा मासिक हप्ता, हे बघाच.

गोळ्या, क्रीम असल्या पार्सलने येणाऱ्या ट्रायलबद्दल मला वेगळं आणि जरा कडक सांगायचंय. यात फक्त शिपिंगचे पैसे मागतात, आणि ट्रायलचे दिवस मोजतात ऑर्डर केलेल्या दिवसापासून, पार्सल हातात पडल्यापासून नाही. म्हणजे १४ दिवसांतले अर्धे दिवस डबा रस्त्यातच असतो, आणि तुम्ही वापरून बघेपर्यंत मुदत संपून पूर्ण किंमत कटलेली असते, वर पुढच्या महिन्याचा डबा निघालेला असतो. परत पाठवायचा तर सील फोडलेलं चालत नाही आणि परतीचा खर्च तुमचा. हा प्रकार इतका बोकाळला की २०१९ मध्ये मास्टरकार्डने नियम केला, वस्तूच्या फ्री ट्रायलनंतर पैसे घेण्याआधी विकणाऱ्याने ग्राहकाची पुन्हा मंजुरी घ्यायची. नियम चांगला आहे पण असले विकणारे नियम पाळण्यासाठी धंद्यात नसतात, ते एक नाव बंद करून दुसऱ्या नावाने येतात. माझं मत स्पष्ट आहे, अंगाला लावायची किंवा पोटात घ्यायची वस्तू ट्रायलवर घेऊच नका, हवीच असेल तर पूर्ण किंमत देऊन एकदाच विकत घ्या.

शेवटचं म्हणजे, साइन-अप करायच्या आधी बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवा. साईटच्या मदतीच्या पानावर कॅन्सल कसं करायचं ते लिहिलंय का, ऑनलाईन होतं का फोनच करावा लागतो, फोन असेल तर कुठल्या वेळेत. साईटच्या नावासोबत कॅन्सल आणि चार्ज हे शब्द टाकून सर्च करा, दोन मिनिटांत दुसऱ्यांचे अनुभव समोर येतात. आणि बटण दाबायच्या आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, ज्यात किंमत, ट्रायलचे दिवस आणि तारीख दिसेल. नंतर वाद झाला तर पान बदललेलं असतं आणि तुमच्याकडे दुसरा पुरावा नसतो.

पैसे कशाने भरायचे

ट्रायल घ्यायचंच ठरलं तर पेमेंटचा मार्ग निवडणं तुमच्या हातात असतं आणि त्याने खूप फरक पडतो. अ‍ॅप असेल तर अ‍ॅपलच्या किंवा गुगल प्लेच्या सबस्क्रिप्शनमधून घेतलेलं बरं, कारण बंद करायचं बटण विकणाऱ्याच्या नाही, तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये असतं. वेबसाईट असेल तर बँक व्हर्च्युअल कार्ड, म्हणजे फक्त ऑनलाईन वापरायचा वेगळा कार्ड नंबर, देते का बघा, त्यावर कमी लिमिट लावता येतं आणि काम झालं की ते बंद करता येतं. ते नसेल तर क्रेडिट कार्ड. डेबिट कार्ड मी शेवटी ठेवेन, कारण क्रेडिट कार्डवर वाद चालू असताना तुमचे खात्यातले पैसे खात्यातच असतात, डेबिटमध्ये आधी पैसे जातात आणि मग तुम्ही मागे धावत बसता, तेवढ्यात एखादा हप्ता बाउन्स झाला तर तो भुर्दंड वेगळाच.

भारतातलं कार्ड किंवा यूपीआय असेल तर रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे ठरावीक काळाने पैसे कापायला दिलेल्या ऑनलाईन परवानगीचे, नियम तुमच्या बाजूने आहेत. ऑक्टोबर २०२१ पासून हे कडकपणे लागू झाले, ठरावीक काळाने कटणाऱ्या पैशांसाठी आधी मँडेट नोंदवावं लागतं, त्यावेळी ओटीपी लागतो, आणि प्रत्येक वेळी पैसे कटायच्या किमान २४ तास आधी बँकेने मेसेज पाठवायचा असतो, ज्यातून तो व्यवहार नाकारता येतो. १५,००० रुपयांपर्यंतचे हप्ते मात्र मँडेट झाल्यावर ओटीपीशिवाय कटतात, ही मर्यादा जून २०२२ मध्ये ५,००० वरून वाढवली. म्हणून तो आधीचा मेसेज जाहिरात समजून पुसू नका, तो वाचा. यूपीआय ऑटोपे असेल तर तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये मँडेट किंवा ऑटोपेच्या यादीत जाऊन ते थेट रद्द करता येतं, विकणाऱ्याला विचारायची पण गरज नाही. परदेशी साईटवर हे कवच विरळ होतं, तिथे ओटीपीशिवाय पण व्यवहार होऊ शकतो, म्हणून कार्डच्या सेटिंगमध्ये इंटरनॅशनल ऑनलाईन व्यवहाराचा स्विच एरवी बंदच ठेवा, लागेल तेव्हा चालू करा.

ट्रायल चालू केली की त्याच दिवशी कॅन्सल करा

हो, त्याच दिवशी. शेवटच्या दिवसाची वाट बघायची नाही. बहुतेक सेवांमध्ये कॅन्सल केलं तरी ट्रायलची मुदत संपेपर्यंत वापरता येतं, फक्त पुढचं रिन्यूअल बंद होतं. काही सेवा लगेच बंद करतात, अ‍ॅपलच्या स्वतःच्या काही ट्रायलमध्ये पण असं होतं, म्हणून कॅन्सलच्या पानावर सेवा कधीपर्यंत चालेल ते वाचून मग हो म्हणा. लगेच बंद होणार असेल तर फोनच्या कॅलेंडरमध्ये मुदत संपायच्या दोन दिवस आधीची आठवण लावा, आणि त्या आठवणीत कॅन्सलची लिंक आणि कुठल्या ईमेलने लॉगिन केलंय ते लिहून ठेवा, नाहीतर ऐनवेळी पासवर्ड शोधण्यात तास जातो. अ‍ॅपल ट्रायल संपायच्या किमान २४ तास आधी कॅन्सल करायला सांगतं. शिवाय मुदत कुठल्या देशाच्या वेळेने संपते हे तुम्हाला माहीत नसतं, त्यामुळे शेवटच्या रात्री बारा वाजता कॅन्सल करणारा माणूस कधीकधी आधीच उशीर करून बसलेला असतो.

विकणारा आठवण करून देईल यावर विसंबू नका. व्हिसाने एप्रिल २०२० पासून ट्रायल संपायच्या किमान ७ दिवस आधी ईमेल किंवा मेसेज पाठवायचा, त्यात कॅन्सलची लिंक द्यायची आणि ऑनलाईन कॅन्सल करता आलं पाहिजे, असा नियम विकणाऱ्यांना घातलाय. पण तो ईमेल येतो ऑफरच्या टॅबमध्ये नाहीतर स्पॅममध्ये. आलाच नसेल तर ते लक्षात ठेवा, पुढे बँकेशी बोलताना हा मुद्दा कामाला येतो.

खरं कॅन्सल आणि वाटलेलं कॅन्सल

अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं अजिबात नाही, पैसे कटतच राहतात. अकाउंट डिलीट केल्यावर पण काही ठिकाणी कटतात, आणि वर तुमचं लॉगिन गेल्यामुळे कॅन्सल करायचा रस्ताही गेलेला असतो, म्हणून आधी सबस्क्रिप्शन बंद करा आणि मगच अकाउंट डिलीट करा.

आयफोनवर सेटिंग उघडून सगळ्यात वर तुमच्या नावावर जा, तिथे सबस्क्रिप्शन्स असतं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर दाबा, पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्समध्ये जा. फोनमध्ये दोन-तीन गुगल अकाउंट असतील तर प्रत्येकात वेगळं बघावं लागतं, बरेच जण इथेच अडकतात, एका अकाउंटची यादी रिकामी दिसते आणि सबस्क्रिप्शन दुसऱ्यात असतं. पेपॅलने पैसे भरले असतील तर पेपॅलच्या सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक पेमेंट्सची यादी असते, तिथून त्या कंपनीची परवानगी काढता येते. आणि वेबसाईटवर थेट कार्ड दिलं असेल तर या कुठल्याच यादीत ते दिसणार नाही, ते त्या साईटच्या बिलिंगच्या पानावरच बंद करावं लागतं.

साईटवर कॅन्सल करताना मुद्दाम दमवतात. कारण विचारतात, सूट देतात, खरंच जायचंय का विचारतात, मग पॉज करा म्हणतात. पॉज म्हणजे कॅन्सल नाही, काही काळाने ते परत आपोआप चालू होतं. सूट घेतली तर कधीकधी नवा करार सुरू होतो. बटणांचे रंग उलटे असतात, ठेवा हे मोठं रंगीत आणि बंद करा हे बारीक करडं. हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने २०१० मध्ये अशा सगळ्या डिझाईनला डार्क पॅटर्न म्हणायला सुरुवात केली, आणि भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं आली त्यात असे १३ प्रकार दिलेत, सबस्क्रिप्शन ट्रॅप त्यातलाच एक. आणि हे फक्त छोट्या साईट करतात असं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनवर प्राइम मेंबरशिपच्या बाबतीत खटला भरला, कॅन्सल करायच्या लांबलचक प्रक्रियेला कंपनीत इलियड असं नाव होतं हे त्यात पुढे आलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये २.५ अब्ज डॉलरवर तडजोड झाली, त्यातले १.५ अब्ज ग्राहकांना परत द्यायचे. जर्मनीने वेगळाच उपाय केला, १ जुलै २०२२ पासून वेबसाईटवर करार करता येत असेल तर तिथेच करार रद्द करायचं बटण ठेवणं सक्तीचं केलं. मला हा उपाय सगळ्यात सरळ वाटतो.

तुमच्यापुरतं एवढं पाळा, शेवटचं पान येईपर्यंत पुढे पुढे दाबत राहायचं, सबस्क्रिप्शन रद्द झालं असं लिहिलेलं दिसलं की स्क्रीनशॉट, आणि कन्फर्मेशनचा ईमेल आला का ते बघायचं. ईमेल आला नाही तर कॅन्सल झालं असं धरू नका, परत लॉगिन करून स्टेटस तपासा.

पैसे कटलेच तर

आधी स्टेटमेंटवरचं नाव ओळखा. तिथे बऱ्याचदा साईटचं नाव नसतं, पेमेंट कंपनीचं किंवा भलत्याच कुठल्यातरी कंपनीचं नाव आणि एक फोन नंबर असतो. ते नाव जसंच्या तसं सर्च करा, आणि तुमच्या ईमेलमध्ये त्या रकमेने आणि तारखेने शोधा, ऑर्डरचा ईमेल सापडतो. स्टेटमेंटवरच्या नंबरवर फोन करताना समोरच्याला कार्डचा पूर्ण नंबर किंवा ओटीपी द्यायचा नाही, शेवटचे चार अंक पुरतात.

मग विकणाऱ्याला लेखी कळवा, चॅट असेल तर चॅटचा स्क्रीनशॉट, पण ईमेल सगळ्यात चांगला. त्यात राग काढू नका, चारच गोष्टी लिहा, कुठल्या तारखेला किती कटले, तुमचा लॉगिन ईमेल, सबस्क्रिप्शन आजपासून रद्द करा आणि यापुढे माझ्या कार्डवर कुठलाही व्यवहार करायची परवानगी मी काढून घेतोय, आणि ही रक्कम परत करा, अमुक तारखेपर्यंत उत्तर नाही आलं तर बँकेत डिस्प्यूट, म्हणजे या व्यवहारावर लेखी हरकत, टाकणार. बरेच विकणारे या शेवटच्या वाक्याला उत्तर देतात, कारण डिस्प्यूट जास्त झाले की कार्ड कंपन्या त्यांना दंड लावतात आणि पेमेंट खातं बंद पण होऊ शकतं. आधी अर्धे परत देतो म्हणतात, मग पाऊण. पूर्णच मागा. अ‍ॅपलमधून कटले असतील तर अ‍ॅपलच्या रिपोर्ट अ प्रॉब्लेम पानावर आणि गुगल प्लेमधून असतील तर प्लेच्या रिफंडच्या पानावर अर्ज करा, लवकर केलेला अर्ज मंजूर व्हायची शक्यता जास्त.

उत्तर नाही आलं तर बँक. इथे एक गोष्ट फार जपून करा. बँकेचा माणूस विचारतो की हा व्यवहार तुम्ही केलाय का, आणि रागात आपण म्हणतो नाही केला. तसं म्हटलं की केस फसवणुकीच्या गटात जाते, मग विकणारा तुमचा पत्ता, ईमेल, पहिल्या दिवसाचा ओटीपी दाखवतो आणि तुमची केस पडते. खरं आहे तेच सांगा, की ट्रायल मी घेतली होती, पण पुढच्या पैशांची माहिती नीट दिली नव्हती, किंवा मी अमुक तारखेला रद्द केलं होतं आणि तरी कटले. रद्द केलेल्या रिकरिंग, म्हणजे ठरावीक काळाने परत परत कटणाऱ्या, व्यवहारासाठी व्हिसाकडे वेगळा कोडच आहे, १३.२. सोबत साइन-अपचा स्क्रीनशॉट, कॅन्सलचा पुरावा आणि विकणाऱ्याला लिहिलेला ईमेल जोडा. डिस्प्यूटसाठी कार्ड कंपन्यांची मुदत साधारण १२० दिवस असते पण तुमच्या बँकेची स्वतःची मुदत कमी असू शकते, म्हणून स्टेटमेंट बघितल्याच्या आठवड्यातच टाका.

नवीन कार्ड मागवलं की सुटलो, असं समजू नका. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांकडे कार्ड अपडेट करायची सेवा आहे, जुनं कार्ड बदललं की नव्या कार्डचे डिटेल्स नेहमीच्या विकणाऱ्यांना आपोआप मिळू शकतात, म्हणजे तुमचं चांगलं सबस्क्रिप्शन तुटू नये म्हणून केलेली सोय या लोकांच्याही कामाला येते. त्यामुळे बँकेला सांगताना त्या विकणाऱ्याचे पुढचे रिकरिंग व्यवहार थांबवा, असं वेगळं आणि लेखी सांगा, कार्ड बदलणं त्याच्या जोडीला.

तक्रार सरकारी यंत्रणेकडेही टाका. भारतात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन आहे आणि तिथे २०१० च्या रोस्का कायद्याप्रमाणे कार्ड घ्यायच्या आधी सगळ्या महत्त्वाच्या अटी स्पष्ट सांगणं, ग्राहकाची स्पष्ट संमती घेणं आणि बंद करायचा सोपा मार्ग देणं बंधनकारक आहे. विकणारा अमेरिकन असेल तर ईमेलमध्ये या कायद्याचं नाव जरूर लिहा. युरोपात ऑनलाईन करारातून १४ दिवसांत कारण न देता बाहेर पडता येतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने फ्री ट्रायलबद्दल सांगितलं की हा हक्क एकदाच मिळतो, पण ट्रायलनंतर पैसे लागतील हे साइन-अपच्या वेळी स्पष्ट सांगितलं नसेल तर पैसे सुरू झाल्यावर तो परत मिळतो.

आणि पैसे अडकलेत हे कुठे जाहीर लिहिलं की रिफंड मिळवून देतो म्हणणारे मेसेज येतात, आधी फी द्या किंवा स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाका म्हणतात. ती दुसरी फसवणूक असते. बँक किंवा कार्ड कंपनी डिस्प्यूटसाठी अशी कुठलीही फी किंवा स्क्रीन मागत नाही.

जुनं काय काय चालू आहे ते शोधा

एकदा बसून मागच्या १३ महिन्यांची स्टेटमेंट काढा, १२ नाही, कारण वर्षाचं रिन्यूअल एखादा दिवस इकडे तिकडे झालं तर निसटतं. सारख्याच रकमेचे, सारख्याच तारखेच्या आसपासचे छोटे व्यवहार शोधा, छोटी रक्कम मुद्दाम ठेवलेली असते, माणूस तिच्याकडे बघत नाही. परकीय चलनातली रक्कम दर महिन्याला थोडी बदलते म्हणून ती नावाने शोधा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये मँडेटची यादी असेल तर ती पण बघा, त्यात कधी न कटलेले पण नोंदवून ठेवलेले मँडेट सापडतात. घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनवर हेच सगळं त्यांच्यासोबत बसून करा, ओरडून नाही, आणि मुलांच्या हातात जाणाऱ्या फोनवर खरेदीसाठी दर वेळी पासवर्ड लागेल असं सेटिंग लावून घ्या.